दारव्ह्यातलं रिपेरिंगचं दुकान आणि माझ्या कॉम्प्युटरची स्वॅप

गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दारव्ह्यापासून ११ किलोमीटर. कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅम, बोर्डचा दुसरा स्लॉट मेलेला म्हणजे रॅम वाढवायचा विषयच संपला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली. जुलैमध्ये पीक विम्याची गर्दी सुरू झाली की ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघड्या, बाजूला सातबाराच्या पीडीएफ, स्कॅनर चालू, आणि मशीन असं अडकायचं की माउससुद्धा हलत नव्हता. डिस्क आतून नुसती खर्रखर्र करायची अन् लोकं वावरातली कामं टाकून काउंटरसमोर उभे.

आधी एकाला दाखवलं होतं. त्यानं त्याच ५०० जीबीच्या डिस्कवर दोन स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की तिच्यातला डेटा ठेवायला डिस्कवर राखलेले भाग) बनवून दिले आणि आता डबल स्पीड मिळेल म्हणून सांगितलं, झालं उलटंच. पैसे गेले ते गेले, ऐन सीझनचे चार दिवस गेले याचं जास्त वाईट वाटतं.

मग दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीतल्या या दुकानात नेलं. तिथल्या भाऊनं कॅबिनेट उघडायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून पाहिलं, स्वॅपची यादी काढली आणि मला स्क्रीनजवळ बोलावलं. "हे पाहा भाऊ, दोन्ही पार्टिशन एकाच डिस्कवर, प्रायॉरिटी, म्हणजे आधी कोणतं वापरायचं तो नंबर, पण सारखी. हेड इकडून तिकडं पळून राह्यलं, काम कधी करन?" डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते तरी हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, जागेवर न्यायला मिलिसेकंद लागतात आणि रॅमचं काम नॅनोसेकंदात होतं, हे मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं.

माझी जुनी ३२० जीबीची डिस्क घरी पडून होती, ती दुसऱ्या दिवशी आणायला लावली. लावायच्या आधी त्यानं तिचे खराब सेक्टर तपासले, कारण चालू कामात ती मेली तर तिच्यावर गेलेले प्रोग्रॅमही बंद पडतात, हे त्यानं मी न विचारताच सांगितलं. मग जुने पार्टिशन काढून दोन्ही डिस्कवर ४-४ जीबीची स्वॅप बनवली आणि एफस्टॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क, कोणती स्वॅप लावायची याची यादी) दोघींना प्रायॉरिटी १० दिली. खरी मेख इथंच आहे बघा, नुसती स्वॅप बनवून सोडली तर लिनक्स आपल्या मनानं वेगवेगळी प्रायॉरिटी देतो, मग पहिली भरेपर्यंत दुसरी रिकामी बसते, सारखी दिली की आळीपाळीनं दोन्हीकडे डेटा जातो, दोन्ही हेड एकदम कामाला.

आता गर्दीत सिस्टीम मॉनिटर उघडून पाहतो, स्वॅप वापरात असते पण माउस अडकत नाही, टॅब बदलायला दोन-तीन सेकंद लागतात. रॅमची बरोबरी होत नाही हे खरं, पण फॉर्म अर्ध्यात लटकत नाहीत. पुढं पैसे जमले की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, सिस्टीम अन् स्वॅप दोन्ही तिच्यावर टाकून देतो, असं त्यानंच सांगितलं, आत्ताच घ्या म्हणून मागं लागला नाही.

मजुरी ३०० रुपये घेतली. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि भाऊ फोन उचलत नाही. घरी जुनी डिस्क पडून असेल तर सीपीयूसोबतच घेऊन जा, माझ्यासारखी दुसरी चक्कर पडणार नाही.