आरई-२०: लॅटिन रेकॉर्डिंगमध्ये सॅक्स आणि फ्लूट, दोन्हींसाठी एकच माइक

इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई-२० बहुतेकांना रेडिओ निवेदकाच्या तोंडासमोरचा जाडजूड माइक म्हणून ठाऊक असतो. १९६८ मध्ये आलेला हा डायनॅमिक माइक आजही जवळपास त्याच रूपात बनतो. या परीक्षणात त्याच्याकडे एकाच कामासाठी पाहिलं आहे: चा-चा-चा, सोन मोंटुनो, बोसा नोव्हा अशा ढंगाच्या रचनांमध्ये सॅक्सोफोन आणि फ्लूट रेकॉर्ड करणं, तेही दोन्ही वाद्यं एकाच वादकाच्या हातात असताना. या कामाला एकच माइक घ्यायचा असेल तर हाच घ्यावा. फक्त फ्लूटच रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र दुसरीकडे बघावं. का, ते पुढे येईलच.

आरई-२० ची खरी ताकद त्याच्या दांड्यावरच्या फटींमध्ये आहे. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा, माइक वाद्याच्या जवळ नेला की खालचे स्वर फुगतात, लांब नेला की आवाज पातळ होतो. आरई-२० मध्ये मागून येणारा आवाज वेगवेगळ्या अंतरावरच्या फटींतून आत शिरतो. खालच्या फ्रिक्वेन्सी लांबच्या फटींतून, वरच्या जवळच्या. कंपनी याला व्हेरिएबल-डी म्हणते. त्यामुळे १५ सेंटिमीटर आणि ४० सेंटिमीटर या अंतरांमध्ये खर्जाचा भरणा फारसा बदलत नाही. मोंटुनोवर, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या साथीवर, सोलो घेणारा सॅक्सवादक स्थिर उभा राहत नाही आणि त्याने तसं राहूही नये. दुसऱ्या माइकवर त्याच्या प्रत्येक डोलण्याबरोबर टेनर सॅक्सचा खालचा सप्तक आत-बाहेर होतो. इथे फक्त पातळी थोडी वर-खाली होते, ती फेडरने सावरता येते. हे जपायचं तर त्या फटी मोकळ्या राहिल्या पाहिजेत. क्लॅम्प मागच्या टोकाला लावा, दांड्याभोवती टेप किंवा कापड गुंडाळू नका. फटी झाकल्या की माइकचा स्वभावच बदलतो आणि दोष मग वादकाच्या माथी जातो.

सॅक्ससाठी जागा ठरवताना एक गोष्ट पक्की धरावी: सॅक्सचा आवाज फक्त बेलमधून, म्हणजे पुढच्या रुंद तोंडातून, येत नाही. बहुतेक स्वर उघड्या छिद्रांमधून बाहेर पडतात. अगदी खालचे दोन-तीन स्वरच मुख्यतः बेलमधून येतात. म्हणून माइक बेलच्या तोंडात घातला की खालचे बी आणि बी-फ्लॅट भोंग्यासारखे अंगावर येतात आणि मधला सप्तक बारीक होतो. ३० ते ४० सेंटिमीटरवर, बेलच्या काठाच्या थोडं वर, दोन्ही हातांच्या मधल्या चाव्यांकडे रोख धरून माइक लावा. मंद बॅलडमध्ये चाव्यांची टकटक ऐकू आली तर अंतर न बदलता माइक बेलच्या बाजूला १०-१५ अंश वळवा, तेवढं पुरतं.

फ्लूटचं गणित वेगळं आहे. आवाज ओठांपाशी असलेल्या छिद्रातून आणि पहिल्या उघड्या छिद्रातून येतो, आणि फुंकेचा झोत ओठांसमोर पुढे व थोडा खाली जातो. माइक थेट समोर ठेवला तर प्रत्येक ‘ट’च्या जिभेवर धप्प असा आवाज येतो. आरई-२० च्या जाळीमागे पॉप-फिल्टर आहे, पण त्याच्या भरवशावर झोतासमोर माइक लावू नये. हेडजॉइंटच्या, म्हणजे फुंकण्याच्या तुकड्याच्या, वर १५ ते २० सेंटिमीटर, लिप-प्लेट आणि डाव्या हाताच्या मध्ये, खाली रोखलेला माइक चांगला बसतो. वादकाच्या उजव्या हाताकडे, म्हणजे फ्लूटच्या शेपटाकडे, सरकवला तर श्वास कमी आणि चाव्या जास्त ऐकू येतात.

आता या माइकची खरी अडचण. त्याची संवेदनशीलता सुमारे १.५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, म्हणजे कमीच आहे. जोरात वाजणाऱ्या अल्टो सॅक्सला ३५ ते ४५ डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, पुरतो. मधल्या सप्तकातल्या फ्लूटला ५५ ते ६० लागतो, आणि खालच्या सप्तकात हळू वाजवलं तर त्याहून अधिक. अनेक छोट्या ऑडिओ इंटरफेसचा गेन इथेच संपतो, आणि शेवटच्या काही डेसिबलमध्ये सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची सरसर वर येते. लोक याला माइकचा खरखराट समजतात. माइक पॅसिव्ह आहे. सरसर प्रीअ‍ॅम्पची असते. उपाय दोन: ६५ डेसिबलपर्यंत स्वच्छ गेन देणारा प्रीअ‍ॅम्प, किंवा २० ते २५ डेसिबल वाढवणारा इनलाइन बूस्टर. बूस्टरला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माइकच्याच केबलमधून जाणारी वीज, लागतं, माइकला लागत नाही. बूस्टर माइकच्या जवळ जोडा म्हणजे लांब केबलमधून आधीच वाढवलेला सिग्नल जातो. २४ बिटवर रेकॉर्ड करताना शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी पुरे. वर ढकलण्याची घाई करू नये, कारण लॅटिन सोलोत वादक शेवटच्या आठ बारांमध्ये हमखास जोर वाढवतो.

दुसरी तक्रार अशी ऐकू येते की आरई-२० वर फ्लूटला ‘हवा’ नाही. तक्रार खरी आहे, पण ती कुठल्या रचनेत लागू पडते हे पाहिलं पाहिजे. चारांगा, म्हणजे फ्लूट आणि व्हायोलिनं असलेल्या क्यूबन धर्तीच्या बँडमध्ये खरवडून वाजवायचा गुइरो असतो, टिंबालेसच्या कडेवरची काठी असते, कधी माराकास असतात. वरचा पट्टा, साधारण ३ हजार ते ८ हजार हर्ट्झ, आधीच गच्च भरलेला असतो. तिथे कंडेन्सरवर, म्हणजे वरचे बारकावे जास्त टिपणाऱ्या प्रकारच्या माइकवर, घेतलेल्या फ्लूटचा श्वास गुइरोच्या खरखरीत मिसळतो आणि दोघंही धूसर होतात. आरई-२० तो पट्टा आवरता ठेवतो, त्यामुळे फ्लूटचा मूळ स्वर पुढे येतो. क्यूबातल्या ओर्केस्ता आरागोन या बँडच्या रिचर्ड एग्वेससारख्या चारांगा फ्लूटवादकांनी तिसऱ्या सप्तकात वाजवण्याची जी रीत रूढ केली, तिच्यामागे ध्वनीचं साधं कारण आहे: व्हायोलिनं, कोरस आणि तालवाद्यं यांच्या वर मोकळी जागा तिथेच उरते. त्या उंचीवर हा माइक फ्लूटला टोचरा होऊ देत नाही. कंडेन्सरवर तिथे ईक्यूने कापाकापी करावी लागते.

बोसा नोव्हाची गोष्ट उलट आहे. गिटार, ब्रशने वाजणारा ड्रम आणि फ्लूट, एवढंच असेल तर श्वास हाच त्या आवाजाचा अर्धा जीव असतो. तिथे आरई-२० वरचा फ्लूट झाकल्यासारखा वाटतो, आणि १० हजार हर्ट्झच्या वर ४ डेसिबल वाढवूनही तो कंडेन्सरसारखा उघडत नाही. अशा रचनेसाठी लहान डायफ्रामचा कंडेन्सर घ्यावा. टेनरचं मात्र इथेही छान जमतं. सबटोनमध्ये, म्हणजे ओठ सैल ठेवून हळू फुंकलेल्या खालच्या स्वरांत, वादकाला माइकच्या २० सेंटिमीटरपर्यंत येऊ द्या. साधा कार्डिऑइड तिथे घुमतो; आरई-२० वर खर्ज जागच्या जागी राहतो आणि रीडवरचा श्वास नीट ऐकू येतो.

मागच्या बाजूचं स्विच खालच्या फ्रिक्वेन्सी हळूहळू उतरवतं. फ्लूटला ते चालू ठेवा. सी-फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्झचा आहे. त्याखाली जमिनीची धडधड आणि खोलीची घुमघुम यांशिवाय काही नसतं. मिक्समध्ये १८० हर्ट्झवर हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, आणखी लावता येतो. अल्टो सुमारे १३९ हर्ट्झपर्यंत आणि टेनर सुमारे १०४ पर्यंत खाली जातो, म्हणून सॅक्सला स्विच बंद, आणि हाय-पास अनुक्रमे १०० आणि ८० च्या आसपास.

माइक कितीही चांगला असला तरी मांडणी चुकली की तो काही वाचवू शकत नाही. फ्लूटचा पहिला सप्तक मुळातच दुबळा आहे. अल्टोबरोबर तो एकाच उंचीवर ठेवला तर फ्लूट फक्त श्वासासारखा ऐकू येतो, आणि मग लोक माइक बदलत बसतात. फ्लूट अल्टोच्या एक सप्तक वर लिहा. तीन आवाज हवे असतील तर अल्टो आणि टेनर सहाव्या अंतरावर, फ्लूट वर चाल धरून. अल्टोसाठी लिहिलेला स्वर ऐकू येतो त्याच्या नऊ अर्धस्वर (मोठं सहावं अंतर) वर, टेनरसाठी एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर वर, हे ट्रान्सपोझिशन सॉफ्टवेअरवर सोडलं तरी एकदा डोळ्यांखालून घालावं. अल्टोचा भाग सोयीच्या उंचीबाहेर गेलेला तिथेच दिसतो.

क्लावे, म्हणजे लॅटिन संगीताचा दोन बारांचा मूळ तालाचा साचा, तोही तपासा. २-३ सोन क्लावेत पहिल्या बारमध्ये दुसरी आणि तिसरी मात्रा, दुसऱ्या बारमध्ये पहिली, दुसरीनंतरची अर्धी आणि चौथी. सॅक्सच्या रिफमधले, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या चालीतले, ठाशीव, मात्रेवर बसणारे स्वर दोनच्या बाजूला आणि आड पडणारे तीनच्या बाजूला आले पाहिजेत. रिफ एका बारने सरकली की कोंगा आणि सॅक्स एकमेकांशी भांडतात, आणि हे भांडण मिक्समध्ये मिटत नाही.

अशा तुटक रिफमध्ये आरई-२० चा आणखी एक स्वभाव जाणवतो. जिभेचा फटका तो कंडेन्सरपेक्षा थोडा गोल करून देतो. सोलोत हे गोड लागतं, पण मांबोच्या भागात, चौथ्या मात्रेच्या मागच्या अर्ध्यावर सुटणाऱ्या रिफमध्ये, धार कमी पडते. वादकाला स्वर आखूड तोडायला सांगा. कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) ३:१ वर, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवा म्हणजे फटका निसटून जातो आणि मागचा स्वर दाबला जातो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ८० ते १०० मिलिसेकंद. १८० च्या लयीत अर्धी मात्रा १६७ मिलिसेकंदांची असते, रिलीज त्याच्या आत संपला पाहिजे. नाहीतर पुढचा स्वर आधीच्याच दाबाखाली सुरू होतो आणि रिफ दमल्यासारखी वाटते.

सुराची अडचण माइकच्या हातात नाही, पण सॅक्स-फ्लूट जोडीत ती टळत नाही. जोर वाढला की फ्लूट चढतो, सॅक्स उतरू लागतो. एकाच क्रेसेंडोत दोघं विरुद्ध दिशांना जातात. म्हणून सॅक्स आधी रेकॉर्ड करावा आणि फ्लूट त्यावर चढवावा, कारण फ्लूटवादक छिद्र आत-बाहेर फिरवून सूर जास्त सहज जुळवतो. सॅक्सनंतर ओठ थकलेले असतात, तेव्हा मध्ये दहा मिनिटं विश्रांती आणि मग लांब स्वर. फ्लूट तोवर थंड होऊन उतरलेला असतो, तो गरम करून पुन्हा मिळवून घ्या.

एका टेकमध्येच वाद्य बदलायचं असेल तर माइक नाकाच्या उंचीवर, ४० सेंटिमीटर पुढे, सॅक्सच्या वरच्या चाव्यांकडे झुकलेला लावा. फ्लूट उचलल्यावर वादकाने अर्धं पाऊल पुढे यायचं. पातळीत १० ते १५ डेसिबलचा फरक राहील, तो क्लिप-गेनने, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या त्या तुकड्याचीच पातळी बदलून, भरून काढा. आवाजाचा पोत मात्र दोन्हीकडे टिकतो, आणि हे काम दुसऱ्या एखाद्या एकट्या माइककडून इतक्या सहज होत नाही.

दोन वादक समोरासमोर असतील तर दोन माइकमधलं अंतर वाद्य-माइक अंतराच्या तिप्पट ठेवा: वाद्यापासून ३० सेंटिमीटर असेल तर माइक एकमेकांपासून किमान ९०. कोंगा त्याच खोलीत असतील तर त्या माइकच्या बरोबर मागे बसवा. बाजूने शिरणारा आवाज आरई-२० फारसा विकृत करत नाही, त्यामुळे जी थोडी कोंगा आत येते ती खोलीतल्या कोंगासारखीच वाटते. एकाच खोलीत सगळा बँड घेणाऱ्यांसाठी हा गुण मोठा आहे.

एकाच वादकाकडून तीन सॅक्स थरांनी घेत असाल तर प्रत्येक थराला माइक थोडा हलवा, २५, ३५, ४५ सेंटिमीटर असा. एकाच जागेवरून घेतलेले थर खोलीची तीच घुमक तिप्पट करतात.

माइकचं वजन पाऊण किलोच्या जवळ आहे. हलका बूम-स्टँड टेकच्या मध्यात हळूच खाली झुकतो आणि फ्लूटची जागा बदलते. जड तळाचा स्टँड घ्या, बूम तिपाईच्या एका पायाच्या बरोबर वर आणा. शॉक-माउंट, म्हणजे धक्के शोषणारा धारक, वेगळा विकत घ्यावा लागतो. लाकडी जमिनीवर पाय आपटून ताल धरणारे वादक असतील तर तो हवाच. याच घराण्यातला आरई-३२० जास्त उजळ आहे आणि थोडा जास्त आउटपुट देतो, त्यामुळे फ्लूटकडे कल असेल त्यांनी तो ऐकून पाहावा. गच्च बँडमधल्या अल्टोला मात्र त्याची चमक लवकर टोचू लागते.

जुना आरई-२० घेणाऱ्यांनी आतला फोम बघावा. वर्षानुवर्षांनी तो कुजून भुगा होतो. माइक हळू हलवल्यावर आत काही खुळखुळलं किंवा जाळीतून काळे कण पडले तर फोम गेला असं समजा आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. मग ५ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटरवरून एकच वाक्य बोलून रेकॉर्ड करा, दोन्हींची पातळी सारखी करून ऐका. जवळचं वाक्य ठळकपणे जाड वाटलं तर तो माइक घेऊ नका.