साखर असेल तर आधी डोळ्याचा पडदा तपासणारा दवाखाना

एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, साखर जुनीच. मिरजेतल्या या दवाखान्यात मोतीबिंदू काढायला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी आधी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) काढून पडद्यावरची सूज दाखवली. "काका, ही असताना नुसती लेन्स बसवून नजर येणार नाही." म्हणून आधी डोळ्यात इंजेक्शनं, मग फेको (बारीक छेदातून मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन). मी जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महागडी मल्टिफोकल लेन्स मागितली होती. पडदा खराब असला की त्या लेन्सनं अक्षरं आणखी फिकी दिसतात, म्हणून साधी, एकाच अंतराची मोनोफोकलच घातली. (विकणारे उलटं सांगतात!) ऑपरेशननंतर सूज वाढू शकते, त्यामुळं थेंब आणि पुन्हा ओसीटी. आता बसची पाटी वाचतो; पेपरातला बारीक टाइप चष्मा लावूनही धूसरच, तसं त्यांनी आधीच बजावलं होतं. काउंटरवर मात्र फार ताटकळवतात, आणि कॅन्टीनमध्ये बिनसाखरेचा चहा मिळत नाही.