समुद्राकाठची चेन आणि ल्यूबच्या दोन बाटल्या: वर्षभराच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, रत्नागिरी शहरात शिरायच्या आधीच्या चढाला माझ्या सायकलची चेन तुटली. गिअर हलका करत होते, खट्‌ आवाज झाला आणि पॅडल रिकामं फिरलं. बसणीहून रोज निघते, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. त्या दिवशी उरलेलं अंतर सायकल ढकलत गेले आणि लॅबमध्ये पाऊण तास उशिरा पोचले. चेन जेमतेम नऊ महिन्यांची होती. आदल्याच रविवारी तिला ड्राय ल्यूब, म्हणजे लावल्यावर सुकणारं चेनचं तेल, लावलं होतं, म्हणून जास्तच मनाला लागलं.

सायकल जिथून घेतली त्या दुकानात फोन केला. ‘चेन कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही’ हे एक वेळ मान्य. पण ‘तुम्ही ऑइलिंग केलेलंच नाही’ हे ऐकून डोकं तापलं. दर पंधरा दिवसांनी मी नियमाने ल्यूब लावत होते, बाटली निम्मी संपली होती. दहा मिनिटं वाद घातला आणि शेवटी तुटलेली चेन पिशवीत घालून बाजारातल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले.

त्यांनी चेन हातात घेतली, दोन्ही टोकं धरून आडवी केली. ती धनुष्यासारखी खाली वाकली. नवी चेन अशी वाकत नाही. मग एकेक कडी बोटांनी दुमडून पाहिली. तीन कड्या जाम, दुमडल्या की तशाच राहायच्या. अशा जाम कडीवर चढात जोर आला आणि बाहेरची पट्टी पिनेवरून निसटली. ‘ताई, वरून चकचकीत आहे, पण आतनं कोरडी ठाक,’ एवढंच ते म्हणाले.

तेल कुठे लागतं हे तेव्हा मला खऱ्या अर्थाने समजलं. आपल्याला दिसतात त्या पट्ट्या. झीज होते ती आत, कडीत फिरणाऱ्या रोलरच्या खाली, पिन आणि तिच्यावर वळणारी आतली पट्टी यांच्यामध्ये. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद काही ताणत नाही. प्रत्येक सांधा आतून थोडा थोडा झिजतो आणि शंभरावर सांध्यांची झीज मिळून चेन लांब होते. घरी फूटपट्टीनेही मोजता येतं. पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर बारा इंच भरायला हवं, कारण दोन पिनांमध्ये अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असतात. एक सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदलायची. एक अष्टमांशापर्यंत थांबलात तर मागचे दातेही गेले समजा. माझी त्या दोन्हींच्या मधे भरली. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, वाचली, एवढंच समाधान.

ड्राय ल्यूबबद्दल माझं मत तरीही वाईट नाही. नोव्हेंबर ते मे त्याने उत्तम काम केलं. त्यात मेण पातळ द्रावात मिसळलेलं असतं. बाटली जोरात हलवायची, लावायचं आणि रात्रभर ठेवायचं, म्हणजे द्राव उडून जातो आणि मेण आत राहतं. लावल्या लावल्या सायकल बाहेर काढली तर पैसे पाण्यात. आमच्याकडे चिऱ्यांचे ट्रक जातात, जांभ्याची लाल धूळ सगळ्यावर बसते, पण कोरड्या चेनला ती फारशी चिकटत नाही. चूक माझी ही की मृगाचा पाऊस सुरू झाल्यावरही मी तेच लावत राहिले. कोकणातला पाऊस दोन दिवसांत ते धुऊन काढतो. वर साखरतरच्या पुलावरचा खारा वारा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि लोखंडावर तांबेरा चढतो. मी तो वरवर पुसून काढायचे आणि चेन चकचकीत ठेवायचे. आतलं मेण कधीच गेलेलं.

नवी चेन साडेसहाशेची. मग वेट ल्यूब, म्हणजे न सुकणारं तेल, घेतलं, साठ मिलीची बाटली चारशेवीस रुपये. जाडसर, मधासारखं. लावल्यापासून करकर बंद. पावसात सलग पाच दिवस चालवली तरी पट्ट्यांवर तेलकटपणा टिकला. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दुसरं काही घेऊच नये. भाऊ म्हणाला, स्कूटरचं काढलेलं ऑइल फुकट आहे, ते घाल. त्यात इंजिनाच्या झिजेचा बारीक चुरा असतो, तो मी माझ्या चेनमध्ये घालणार नाही. शेजारी खोबरेल लावतात. दोन दिवस बरं वाटतं, मग ते चिकट होतं.

आता बाटलीच्या नोझलबद्दल, कारण खरा राग तिथे आहे. भोक इतकं मोठं आहे की थेंब पडत नाही, ओघळ पडतो. एका वेळेला सहा मिली संपतं. माझ्या चेनला 114 कड्या आहेत, प्रत्येक रोलरवर एक बारीक थेंब पुरतो. बाकीचं पट्ट्यांवर, रिमवर, फरशीवर. साठ मिलीत दहा वेळा, म्हणजे एका वेळेला बेचाळीस रुपये, त्यातले अर्ध्याहून जास्त पुसून टाकायचे. इतकं चांगलं तेल बनवणाऱ्याने टोपणाकडे पाहू नये? कंपनीला सविस्तर मेल लिहिली. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ एवढंच उत्तर आलं. पुढे काही नाही.

इथपर्यंत सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘बारा महिने वेट ल्यूबच वापरा’ असं ठोकून दिलं होतं. ते वाक्य काढून टाकलं आहे.

ऑक्टोबरात पाऊस थांबला, रस्ते सुकले, ट्रक पुन्हा धावू लागले आणि दहा दिवसांत चेनवर काळा-तांबडा लगदा जमला. बोटांत चोळून पाहिला तर वाळू कचकचली. तेलात धरलेली ही माती पॉलिशपेपरसारखी आत जाऊन घासते. म्हणजे जे तेल जुलैत चेन वाचवतं तेच नोव्हेंबरात तिला खातं. चेन जिच्यावरून फिरते ती गिअरची मागची छोटी चाकंही किटणाने जाड झाली होती. डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन दीड तास बसले, मग साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली.

नोझलवरही उपाय सापडला. मेडिकलमधून दोन मिलीची नवी सिरिंज आणि जाड, गुलाबी बुडाची सुई आणली. सुईचं टोक पाट्यावर घासून बोथट केलं, नाहीतर हाताला लागते. सायकल उलटी उभी करायची, चेनचा खालचा पदर आता वर येतो. जोडाच्या कडीपासून सुरुवात करायची म्हणजे कुठून निघालो ते कळतं. प्रत्येक रोलरच्या कडेला, पट्टी आणि रोलर यांच्या फटीत, एक थेंब. थेंब क्षणभर गोल थांबतो, मग कडी जरा हलवली की आत ओढला जातो, डोळ्यांना दिसतं. वीस मिनिटं लागतात आणि दोन मिलीत पूर्ण चेन होते. बेचाळीसच्या जागी चौदा रुपये. मग पॅडल उलटं तीस-चाळीस वेळा फिरवायचं, तासभर थांबायचं आणि जुन्या बनियनच्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं, फडक्यावर काळा पट्टा उमटणं थांबेपर्यंत. जुलैत हे पुसणं मी कंटाळ्याने सोडून द्यायचे. बाटली कुठली यापेक्षा हे पुसणं जास्त महत्त्वाचं आहे असं आता माझं मत झालं आहे.

सध्या पद्धत अशी: पहिल्या पावसापासून नवरात्रापर्यंत वेट, दर आठवड्याला, शिवाय भिजून आलं की फडकं मारायचंच. मग चेन पूर्ण धुऊन ड्राय, दर पंधरा दिवसांनी. दोन्ही एकमेकांवर लावू नका, जुनं तेल आत असलं की मेण धरत नाही. ड्रायने पट्ट्यांना गंजापासून फारसं संरक्षण मिळत नाही, म्हणून वेट ल्यूबचा किंचित वास असलेलं तेच फडकं पट्ट्यांवरून फिरवते. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना याची गरज पडणार नाही.

काल फूटपट्टी लावली. चार महिन्यांच्या चेनला बारा इंच, फरक डोळ्यांना दिसत नाही. वेट ल्यूबच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे, पस्तीस मिली शिल्लक. टोपणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून भोक बंद केलं आणि सिरिंजसकट डब्यात ठेवून दिली. आता ती जूनमध्येच उघडेन.