स्ट्रॅटेजिक फोरसाइटची मास्टर्स: दोन वर्षं, सात पेपर आणि एक वही

भविष्याच्या वेगवेगळ्या शक्यता मांडून आजचे निर्णय घ्यायला शिकवणाऱ्या या कोर्सला नाव घातलं त्या आठवड्यात आईने विचारलं, "म्हणजे ज्योतिषच ना गं?" तेव्हा मी चिडले होते. आता पदवी हातात आल्यावर माझं उत्तर असं आहे: नाही, ज्योतिष अवघड. ज्योतिषाला निदान एकच भविष्य सांगावं लागतं. आम्ही चार सांगतो, आणि त्यातलं एकही खरं निघालं नाही तरी कुणी दक्षिणा परत मागायला येत नाही.

गमतीत लिहिलंय, पण माझी मुख्य तक्रार त्यातच आहे. तिच्याकडे येतेच.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात चौदा वर्षं काढली आहेत. आमच्याकडे जमिनीत गाडलेली पाइपलाइन पन्नास-साठ वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते, बजेट एका वर्षाचं असतं आणि सही करणारे साहेब तीन वर्षांत बदलतात. या तीन घड्याळांचा मेळ कसा घालायचा हे कुठेतरी शिकवत असतील, या आशेवर हा कोर्स शोधला. संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग, वर्षातून दोनदा आठवडाभर प्रत्यक्ष हजेरी, सात पेपर, शेवटी प्रबंध. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. विभागात शिकवणारे मोजकेच, कुणाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल, आणि माणसं चांगली होती.

पहिला पेपर इतिहासाचा. झोप येईल असं धरून चालले होते, पण सगळ्यात रंगला तोच. या विषयातही घराणी आहेत. एक अमेरिकेतलं, दुसऱ्या महायुद्धानंतरचं: रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत बसून अणुयुद्धाचे पट मांडणारे हर्मन कान, आणि तिथेच तयार झालेली डेल्फी पद्धत, म्हणजे तज्ज्ञांची मतं एकमेकांची नावं न कळू देता फेरीफेरीने गोळा करायची. दुसरं फ्रान्समधलं: गास्तोन बेर्जे नावाच्या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये भविष्याच्या अभ्यासासाठी केंद्रच काढलं. भविष्य ओळखायचं नसतं, घडवायचं असतं, हा त्या घराण्याचा सूर. पुढे हवाई विद्यापीठात जिम डेटर यांनी जगभरातल्या भविष्यकथा चाळून त्या चार राशींत टाकल्या: वाढ चालूच राहणं, कोसळणं, शिस्तीने मर्यादेत राहणं आणि कायापालट. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही 'व्हिजन' अहवाल उघडून दोन मिनिटांत सांगता येतं, बाकीच्या तीन शक्यता याने वाचल्याच नाहीत. आमच्या कार्यालयातले सगळे अहवाल पहिल्या राशीचे निघाले.

शेल या तेलकंपनीची गोष्ट मात्र पुरे. तिथल्या पिएर व्हाक आणि त्यांच्या चमूने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेलटंचाईचं चित्र मांडून ठेवलं, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाले आणि शेल इतरांहून लवकर सावरली. खरी गोष्ट आहे, मोठी आहे. पण सात पेपरांपैकी पाचांत ऐकली. एवढ्या वर्षांत सांगायला हीच एक यशकथा उरत असेल तर विद्यार्थ्याच्या मनात शंका येणारच. मी ती विचारलीही. सर हसले आणि पुढची स्लाइड आली.

दुसऱ्या सत्रात स्कॅनिंग. दर आठवड्याला तीन 'वीक सिग्नल' आणायचे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक इगोर अन्सॉफ यांनी १९७५ मध्ये रूढ केलेला शब्द. मोठ्या बदलाची अगदी क्षीण चाहूल, एवढाच अर्थ. सगळे रोबो आणि नव्या कंपन्यांच्या बातम्या आणायचे. मॅडमचं ठरलेलं वाक्य होतं: "बातमी झाली म्हणजे तुम्ही उशिरा पोचलात." चौथ्या आठवड्यात माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून कामावरची एक रड सांगितली. जुन्या प्रकारच्या व्हॉल्व्हचे सुटे भाग एका पुरवठादाराने बनवणं बंद केलं होतं आणि त्याचं पत्र तीन महिने भांडार विभागात पडून होतं. मॅडमनी तासभर त्या पत्रावरच घालवला. काय नवीन आलं हे सगळे बघतात, काय गुपचूप बंद झालं ते कोण बघतं? तेव्हापासून भांडाराची आवक-जावक टपालवही मी दर महिन्याला चाळते. या कोर्सने मला लावलेली सगळ्यात उपयोगी सवय हीच, आणि ती अभ्यासक्रमात कुठेही छापलेली नाही.

सिनॅरिओच्या, म्हणजे भविष्यचित्रांच्या, कार्यशाळेबद्दल फार लिहीत नाही. दोन अनिश्चित गोष्टींचे दोन अक्ष, त्यांतून चार चौकोन म्हणजे चार भविष्यं, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. आमच्या तुकडीत अकरा गट होते. आठ गटांचा एक अक्ष 'तंत्रज्ञानाचा वेग' हाच होता. मग वर्षभर दूरदृष्टी काय शिकलो? एक गोष्ट मात्र पटली. १९९१-९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदी राजवट सुटत असताना, एकमेकांच्या विरोधातले २२ जण माँ फ्लर नावाच्या परिषद केंद्रात बसले आणि त्यांनी देशाची चार भविष्यं मांडली: शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि फ्लेमिंगोंचं उड्डाण. वाळूत डोकं खुपसणारं सरकार, रखडलेलं सत्तांतर, झेपेल त्याहून उंच उडून कोसळणं, आणि सगळ्यांनी मिळून हळूहळू वर जाणं. नावं ऐकली की चित्र उभं राहतं. आमच्या गटाच्या सिनॅरिओचं नाव होतं 'समावेशक डिजिटल संक्रमण'. आज मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

आता ज्यासाठी फी वसूल झाली ते. सोहेल इनायतुल्ला यांची कॉजल लेयर्ड ॲनालिसिस. प्रश्न चार थरांत सोलायचा: वर दिसणारी ओरड, तिच्याखाली व्यवस्था, त्याखाली जगाकडे बघण्याची धाटणी, आणि तळाशी रूपक किंवा मिथक. मी विषय घेतला पाण्याची गळती. पहिला थर सोपा, 'एवढं पाणी वाया जातं.' दुसराही रोजचाच: जुने पाइप, बंद मीटर, दुरुस्तीचं कंत्राट वेगळ्याकडे आणि नव्या जोडणीचं वेगळ्याकडे. तिसऱ्यावर जरा थांबले. मग लिहिलं, जमिनीखालचं दिसत नाही, आणि दिसत नाही ते कुणाचंच नसतं. चौथ्या थराशी अडले. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत शोधू नका. घरी काय म्हणता?"

घरी आम्ही म्हणतो, पाण्यासारखा पैसा खर्च केला.

लिहिलं आणि मीच बघत राहिले. ज्याची किंमत करायची नाही अशा वस्तूचा नमुना म्हणून आपल्या भाषेने निवडलंय ते पाणी. चौदा वर्षं मी गळतीवर टिपणं लिहिते आहे आणि हा वाक्प्रचार त्याहून जास्त वर्षं वापरते आहे. दोन्ही एका कागदावर कधी आले नव्हते. या पद्धतीत शेवटी रूपक बदलून पुन्हा वर चढायचं असतं. मी उलटं करून पाहिलं: पैशासारखं पाणी. तसं मानलं तर दुसऱ्या थरात काय बदलेल? रोज संध्याकाळी गल्ला मोजावा तसा प्रत्येक विभागाचा जमाखर्च: किती आत आलं, किती मीटरवर दिसलं, तूट कुणाच्या नावावर. यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही. पण हे टिपण साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, हे पहिल्यांदाच घडलं.

आता तक्रार. दोन वर्षांत आम्ही ढीगभर भविष्यं लिहिली. त्यातल्या एकाचीही पुढे कुणी तपासणी केली नाही. 'फोरसाइट म्हणजे भाकीत नव्हे' हे वाक्य दर तासाला ऐकू येतं. तत्त्वतः मान्य. पण त्याची ढाल किती वेळा करायची? मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची ८० हजारांहून जास्त भाकितं जमवून ताडून पाहिली. बरेच विद्वान त्यात अंदाजपंचे उत्तरांहून फारसे बरे निघाले नाहीत. आमच्याकडे हे काम एका व्याख्यानात, तेही शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं.

त्या रात्री मी एक वही घातली. वर्षभरात निकाल लागेल अशी छत्तीस विधानं लिहिली, प्रत्येकापुढे टक्के: अमुक निविदेला मुदतवाढ मिळेल, ८० टक्के, अमुक पंप बदलला जाईल, ३० टक्के. हिशेब करायला अमेरिकी हवामानखात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये दिलेलं सूत्र: अंदाज आणि निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग, आणि त्यांची सरासरी. शून्य म्हणजे अचूक. डोळे मिटून सगळीकडे ५० टक्के लिहिलं तरी ०.२५ येतो. माझा पहिल्या वर्षी आला ०.२३. '९० टक्के खात्री' म्हणून लिहिलेल्या दहांपैकी सहाच खरी ठरली. लाज वाटली, पण बरंही वाटलं; निदान कुठे फुशारकी मारते ते कळलं. दुसऱ्या वर्षी ०.१७. हा अभ्यास कोर्सने करून घ्यायला हवा होता. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत वही दाखवली तेव्हा परीक्षक म्हणाले, "रंजक आहे, पण आपल्या विषयाच्या चौकटीत बसत नाही." असो.

कारभार यथातथाच. ज्या ऐच्छिक पेपरसाठी मी आले होते, तो पटसंख्या कमी म्हणून सुरू व्हायच्या दहा दिवस आधी रद्द झाला. प्रबंधाचे मार्गदर्शक मध्येच बदलले. नवे दोन महिन्यांनी मिळाले. डेल्फीच्या नादाला लागणार असाल तर आधीच सांगते: पहिल्या फेरीत माझे १४ तज्ज्ञ होते, दुसरीत नऊ, तिसरीत पाच. माणसं एकदा मत देतात, त्याच प्रश्नावर पुन्हा मत द्यायला त्यांना वेळ नसतो. निदान तिप्पट नावं हाताशी ठेवा.

रद्द झालेल्या पेपरच्या बदल्यात जो मिळाला तो मात्र लॉटरी निघाला: अनिश्चिततेत घ्यायचे निर्णय. त्यात लंडनच्या टेम्स नदीच्या मुखाकडच्या पूरसंरक्षणाचा २०१२ चा आराखडा शिकलो. मुदत २१०० पर्यंत. पण 'अमुक साली अमुक भिंत' असं त्यात नाही. समुद्राची पातळी, वादळी भरती असे निर्देशक बघत राहायचे, ते ठरलेल्या खुणेपाशी आले की एका मार्गावरून दुसऱ्यावर जायचं, आणि बांधकामाला लागणारी वर्षं मोजून ती खूण तेवढी आधीच आखायची. डच लोक याच विचाराचे मार्ग मेट्रोच्या नकाशासारखे काढतात. माझी तीन घड्याळं पहिल्यांदा इथे एका कागदावर आली.

कुणी करावा? ज्यांच्या हातात आधीच एखादं लांब पल्ल्याचं काम आहे, पाइप, जंगल, पेन्शन, शाळा, काहीही, त्यांनी जरूर. पदवीनंतर लगेच, कामाचा अनुभव नसताना करायला जाल तर चिठ्ठ्या चिकटवण्यात तरबेज व्हाल. आकड्यांची भीती वाटते म्हणून हा विषय निवडत असाल तर कोर्स तुम्हाला लपू देईल, ही शिफारस नाही. पाचांपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या व्हॉल्व्हच्या पत्रासाठी.

प्रबंधातलं एक कोष्टक मी कार्यालयात कपाटाच्या दारावर चिकटवलंय. उन्हाळ्यातली मागणी सलग दोन वर्षं क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर गेली की नव्या टाकीच्या जागेची मोजणी सुरू, अशा सात ओळी. परवा साहेब येऊन वाचत उभे राहिले.

"यात तारखा कुठायत?"

"तारखा नाहीत, सर. आकडा आला की हलायचं."

त्यांनी मान हलवली, खिशातली पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीच्या समासात लिहिलं: मार्च? प्रश्नचिन्हासकट.