पारदर्शक क्लिपसाठी प्रोरेस 4444 आणि एफएफएमपेग: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. पारदर्शक बॅकग्राउंडची क्लिप एडिटिंगमध्ये टिकवायची असेल तर मास्टर फाइल अ‍ॅपलच्या प्रोरेस 4444 या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ठेवा, कापाकापी आणि रूपांतर एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने करा, आणि गिऱ्हाइकाला जे काही द्यायचं ते त्या मास्टरमधूनच काढा. गेल्या दिवाळीपासून आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या छोट्या स्टुडिओत हीच पद्धत चालू आहे. मधे अख्खी लग्नसराई गेली, रंगपंचमीला रहाडीचे (रंगाच्या हौदाचे) व्हिडिओ झाले, आता गणपतीसाठी ढोल पथकांचे लोगो हलते करून देण्याचं काम सुरू आहे. पद्धत कामाची आहे. स्वस्त मात्र नाही, पण तो हिशेब पुढे.

आमच्याकडचं काम म्हणजे बहुतेक व्हिडिओवर चढवायच्या गोष्टी, म्हणजे ओव्हरले. वधू-वरांची नावं, लाइव्ह कीर्तनाला खाली येणारी बुवांच्या नावाची पट्टी, झेंडूच्या पाकळ्या, पथकाचा गरगर फिरत येणारा लोगो. नाशिकच्या मिक्सिंगवाल्यांची जुनी सवय अशी की हे सगळं काळ्या बॅकग्राउंडवर बनवायचं आणि टाइमलाइनवर ‘स्क्रीन’ मोड लावायचा. ज्योत, ठिणग्या, फटाके, म्हणजे जे स्वतः उजेड देतं, त्याला ही युक्ती आजही उत्तम चालते आणि फाइलही लहान राहते. पण स्क्रीन मोडमध्ये काळा रंग नाहीसाच होतो. म्हणजे अक्षराची काळी किनार गेली, सावली गेली, आणि मागे पांढरा मांडव आला की केशरी अक्षरंसुद्धा फिकट पडली. मंगल कार्यालयातल्या पांढऱ्या पडद्यापुढे हा प्रकार किती केविलवाणा दिसतो, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

खरी पारदर्शकता म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या सोबत प्रत्येक पिक्सेलला आणखी एक आकडा, अल्फा. तो शून्य असेल तर आरपार, पूर्ण असेल तर भरीव, मधला असेल तर तेवढं झिरपणारं. जिफमध्ये यातल्या दोनच पायऱ्या मिळतात, आहे किंवा नाही, म्हणून त्याच्या कडा करवतीसारख्या दिसतात. 8 बिट अल्फात 256 पायऱ्या, आणि प्रोरेस 4444 मध्ये अल्फा 16 बिटपर्यंत, तोही काही न गमावता साठवला जातो. अ‍ॅपलने हा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) 2009 मध्ये आणला. त्याचाच भाऊ प्रोरेस 422 मात्र अल्फा ठेवतच नाही, हे लक्षात ठेवायचं, कारण मेन्यूत दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. पारदर्शकता एडिटिंग करताना क्वचितच जाते, ती जाते हातबदलात. कोणीतरी ‘फाइल जरा हलकी करून देतो’ म्हणतो, तिथे. एडिटिंगपुरती हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, 422 मध्ये बनते, तिथे. मेसेजिंग अ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ती पुन्हा दाबली जाऊन एमपी4 होते, तिथे तर हमखास. एमपी4 मध्ये सहसा असणाऱ्या एच.264 कोडेकच्या मानकात अल्फासाठी सोय लिहिलेली आहे, पण रोजच्या वापरातली सॉफ्टवेअर ती पाळत नाहीत, त्यामुळे एमपी4 आलं की अल्फा गेला असंच समजून चालायचं. एका पथकाच्या पोराचा फोन ठरलेला असतो:

‘दादा, पाठवलंय, बघा. बॅकग्राउंड काढलेलंच आहे.’

‘अरे, व्हिडिओ म्हणून नको पाठवूस, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’

मग जे येतं त्यात निम्म्या वेळा राखाडी-पांढऱ्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. इंटरनेटवरून उचललेला ‘पारदर्शक’ लोगो. त्याला कोणताही कोडेक वाचवू शकत नाही.

उलटी गडबडही होते. साध्या प्लेअरमध्ये क्लिप उघडली की मागे काळं दिसतं आणि माणूस घाबरतो. मॅकच्या क्विकटाइम प्लेअरमध्येही पारदर्शक भाग काळाच दिसतो. अल्फा जागेवर असतो, प्लेअरला खाली ठेवायला काही नसतं इतकंच. डोळ्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन तपासण्या करा. एक, एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने फाइल उघडून पिक्सेल फॉरमॅटचं नाव वाचा. ‘वाययूव्ही’च्या पुढे ‘ए’ असेल तर अल्फा आहे. दोन, टाइमलाइनवर क्लिपच्या खाली भडक गुलाबी रंगाची पट्टी टाका. गुलाबीच का, तर लग्नाच्या फुटेजमध्ये पांढरं, लाल, पिवळं सगळं असतं, तो विशिष्ट गुलाबी नसतो. कडेची घाण त्यावर लगेच उठून दिसते.

आता एफएफएमपेग. 2000 साली फाब्रिस बेलारने सुरू केलेला हा फुकट आणि मुक्त प्रकल्प आज निम्म्या व्हिडिओ जगाच्या पोटात आहे, पण त्याला बटणं नाहीत, आदेश टाइप करावे लागतात. पहिला आठवडा त्रासाचा जातो. नंतर लक्षात येतं की प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे क्लिप कुठेही कापता येते, तीही पुन्हा एन्कोड न करता, नुसती कॉपी करून. लांबलचक ओव्हरलेतून चार सेकंदांचा तुकडा काढायला क्षणभर लागतो आणि दर्जा तसाच्या तसा राहतो. ही एक सोय मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

काही खोड्या आहेत त्या माहीत असाव्यात. प्रोरेस बनवताना प्रोफाइल 4444 द्या आणि अल्फावाला पिक्सेल फॉरमॅट स्वतः लिहा, तो गृहीत धरू नका. एकावर एक क्लिप ठेवणारा ‘ओव्हरले’ फिल्टर मुळात रंगाची माहिती कापलेल्या फॉरमॅटमध्ये काम करतो. निकालही पारदर्शक हवा असेल तर त्याचा फॉरमॅट ‘ऑटो’ केलेला बरा. आणि वेबएम या वेबसाठीच्या फाइल प्रकाराची गंमत वेगळीच आहे. त्यातल्या व्हीपी9 कोडेकमध्ये अल्फा मुख्य चित्रासोबत वेगळा जोडलेला असतो, एफएफएमपेगचा स्वतःचा डिकोडर (फाइल उलगडून वाचणारा भाग) त्याकडे बघतच नाही. इनपुटच्या आधी ‘लिबव्हीपीएक्स’चा डिकोडर नाव घेऊन सांगितला तरच तो वाचला जातो. एफएफप्रोबही अशा फाइलला बिनअल्फाचा फॉरमॅट दाखवतो, फक्त खाली ‘अल्फा मोड 1’ अशी नोंद असते. वर सांगितलेली ‘ए’ची तपासणी इथे फसते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कडांनी. अल्फा साठवायच्या दोन रीती आहेत. स्ट्रेटमध्ये रंग पूर्ण ठेवतात आणि पारदर्शकता वेगळी. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात. ही दुसरी रीत टॉम डफ आणि थॉमस पोर्टर यांनी 1984 च्या आपल्या शोधनिबंधात मांडली, आणि एकावर एक चित्र चढवण्याचं गणित आजही बरंचसं त्याच पायावर उभं आहे. फाइल एका रीतीची आणि सॉफ्टवेअरने वाचली दुसऱ्या रीतीने, की घोळ. प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट समजून वाचली तर कडेला काळी रेघ येते. उलटं झालं तर मऊ सावली आणि चमक भडकते. भरीव चौकोनी पट्टीवर हे कळतही नाही. देवनागरी अक्षरांवर मात्र लगेच कळतं. वेलांटीचं टोक, अनुस्वार, रफार यांच्या भोवती मऊ सावली दिली असेल तर सगळी कड अर्धपारदर्शक पिक्सेलांचीच असते. ‘चि. सौ. कां.’ एवढंच लिहिलं तरी टिंबाटिंबाला काजळ लागल्यासारखं दिसतं.

उपाय सोपा आहे. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये अल्फाचा प्रकार बदलता येतो, आणि एफएफएमपेगमध्ये गुणण्याचे आणि उलट भागण्याचे दोन्ही फिल्टर आहेत. अडचण अशी की कोणती रीत वापरली हे फाइल उघडून नेहमी कळत नाही. म्हणून आम्ही ते फाइलच्या नावातच लिहितो. लहान-मोठं करताना आधी गुणून, आकार बदलून, मग परत भागलं की कडा स्वच्छ राहतात. हा फरक पुरावा मागणाऱ्यांनी पथकाच्या गोल लोगोवर करून पाहावा.

रिझॉल्व्हबद्दल थोडक्यात. एडिटिंग मी त्यातच करतो, मॅक मिनीवर. रेंडर करताना ‘एक्सपोर्ट अल्फा’वर खूण स्वतः करायची. कलर पेजवर ‘की’ (हिरवा पडदा वगळणारा मुखवटा) काढली असेल तर ‘अ‍ॅड अल्फा आउटपुट’ करून ती रेघ जोडायची, नाहीतर मेहनतीने काढलेली ग्रीन स्क्रीन परत भरीव दिसते. एवढं सांभाळलं की बाकी सुरळीत.

द्यायच्या फाइलींचं असं ठरलंय. यूट्यूब लाइव्ह ओबीएस या सॉफ्टवेअरवरून करणाऱ्यांना व्हीपी9 ची वेबएम देतो, ती लहान असते आणि सरळ चालते. त्यात रंगाची माहिती कापलेली असल्याने भगव्या-लाल अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात, पण लाइव्हमध्ये ते कोणी बघत नाही. वेबसाइटवर टाकायचं असेल तर दोन फाइली लागतात. क्रोम आणि फायरफॉक्सला वेबएम, आणि आयफोनच्या सफारीला अल्फावाली एचईव्हीसी, जी अ‍ॅपलने 2019 मध्ये आणली. मॅकच्या फाइंडरमध्येच प्रोरेसवरून ती बनवता येते, ‘पारदर्शकता राखा’ अशी खूणच तिथे आहे. एमपी4 शिवाय काही चालतच नसेल तर एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला त्याचा काळा-पांढरा मुखवटा अशी जोडफाइल द्यायची. ओबीएसमध्ये 2021 पासून स्टिंगरसाठी (दृश्य बदलताना वरून जाणाऱ्या क्लिपसाठी) ‘ट्रॅक मॅट’ नावाने ही सोय आहे. एलईडी भिंतवाल्यांशी वाद घालू नये. त्यांना मांडवाचा रंग विचारायचा आणि बॅकग्राउंड भरूनच फाइल द्यायची.

खर्च डिस्कचा. अ‍ॅपलच्या आकड्यांप्रमाणे फुल एचडीला 29.97 फ्रेमवर प्रोरेस 4444 सेकंदाला साधारण 330 मेगाबिट घेतो, अल्फा सोडून. म्हणजे मिनिटाला अडीच जीबीच्या आसपास. बिनदाबलेल्या 8 बिट फ्रेमशी तुलना केली तर हे कमीच, कारण तिथे 25 फ्रेमला सेकंदाला 200 एमबीच्या वर जातं. शिवाय नावाच्या पट्टीत बहुतांश चित्र रिकामं असतं, तेव्हा प्रत्यक्ष फाइल बरीच लहान निघते. पाकळ्यांचा पाऊस मात्र पूर्ण वसूल करतो. 4के मध्ये पिक्सेल चौपट. आम्ही बाहेरच्या डिस्कवर फक्त मास्टर ठेवतो, वेबएम आणि जोडफाइली काम संपलं की पुसतो, लागल्या तर मास्टरमधून परत काढता येतात.

जे फक्त रीलसाठी पत्रिका बनवतात त्यांनी या भानगडीत पडू नये. मोबाइल अ‍ॅपमध्ये पीएनजी स्टिकर चढवून काम होतं, आणि शेवटी जाणार आहे ते एमपी4च. ज्यांच्या ओव्हरले पुन्हा पुन्हा वापरात येतात त्यांच्यासाठी ही पद्धत. 2027 च्या सिंहस्थाची कामं नाशकात सुरू झाली आहेत, आखाड्यांच्या नावपट्ट्या आणि घाटांची चिन्हं एकदा बनवून अनेक कॅमेऱ्यांवर चढवायची असतील तर मास्टर असलेला बरा. आमच्या जुन्या कपाटात क्विकटाइम ॲनिमेशन कोडेकच्या फाइली पडून आहेत, त्यांचाही अल्फा शाबूत आहे. त्या प्रोरेसमध्ये आणायचं काम पावसाळ्यात, लग्नं नसताना, रोज रात्री थोडं थोडं चालू आहे.