आधी विचारतात, ‘डिलिव्हरीची तारीख काय?’

घरात बाळ येणार म्हणून झोपायच्या खोलीत त्याच्यासाठी एक कोपरा करून घ्यायला निघालो आणि आमचे ९२ हजार रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण राग वेगळ्या गोष्टीचा आहे. ज्या वस्तूला ‘बेबी सेफ’ म्हणून जास्तीचे पैसे लावले होते, तीच आमच्या महिन्या-सव्वा महिन्याच्या मुलीसाठी धोक्याची होती. डोंबिवली, बदलापूर, विरार, पिंपरी-चिंचवड, कुठेही वन आरके-वन बीएचकेत राहत असाल आणि घरात पाळणा हलायचा असेल, तर हे पूर्ण वाचा.

आमचं घर डोंबिवलीत, कार्पेट ३८० चौरस फूट. हॉलमध्ये सासूबाई झोपतात. आतल्या दहा बाय नऊच्या खोलीत डबल बेड, लोखंडी कपाट आणि माझं शिलाई मशीन. मशीन हलवलं तर खिडकीशेजारी साडेचार बाय अडीच फुटांची जागा उरत होती. तेवढ्यात बाळाची कॉट, खाली लंगोट-दुपट्यांचे ड्रॉवर, वर छोटं कपाट आणि कपडे बदलायला भिंतीला मिटवता येईल अशी फळी बसवायची होती. तयार फर्निचर या मापात मिळत नाही. म्हणूनच ‘तुमच्या मापात बनवून देतो’ म्हणणाऱ्याकडे आपण जातो.

इन्स्टाग्रामवर अशाच एकाचं पान होतं. लहान घरांतले बाळांचे सुंदर कोपरे, फिकट पिवळे, पिस्ता रंगाचे. फोन केल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो डिलिव्हरीच्या तारखेचा. मला त्या वेळी ती आपुलकी वाटली. आता त्याच्याकडून फसलेल्या इतर बायकांशी बोलल्यावर कळतं, की त्याच्या धंद्याचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर चालतो. त्या तारखेच्या आधी तुम्हाला घाई असते, त्या दिवशी कुणाचंच लक्ष जागेवर नसतं आणि त्यानंतर दोन-तीन महिने घरातल्या कुणाला भांडायला त्राण नसतं.

तो घरी आला, मापं घेतली, लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं. पिशवीतून तळहाताएवढा प्लायचा तुकडा काढला. त्यावर आयएस ७१० असा शिक्का. म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा. कॉटचे गज सागवानी, वर इटालियन पीयू पॉलिश, असं सगळं तोंडी सांगितलं. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून म्हणाला, “आजी, बाळ झाल्याशिवाय पाळणा घरात आणायचा नसतो ना? मग आत्ता फक्त ऑर्डर नक्की करू. बारशाच्या सुमारास माल बसवून देतो. बाळ-बाळंतीण घरी येतील तेव्हा सगळं तयार.” सासूबाईंच्या मनातलं त्याने आधीच ओळखलं. बाळ जन्मण्याआधी पाळणा आणू नये, हे आपल्याकडे बहुतेक घरांत मानतात आणि त्या भावनेबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. पण या माणसाने तिचा उपयोग पैसे आधी आणि माल खूप नंतर, असा करून घेतला.

आगाऊ ५५ हजार मागितले. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच सोळा-सतरा हजार घालवता, असं म्हणून साध्या कागदावर आकडे लिहून दिले. त्या कागदावर फक्त ‘बेबी युनिट – प्लाय – पूर्ण’ इतकंच. प्रत लिहिलेली नाही, जाडी नाही, लाकूड कोणतं ते नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव आलं ते तिसऱ्याच कुणाचं. “भावाचं खातं आहे,” म्हणाला.

मग मी बाळंतपणासाठी कऱ्हाडला माहेरी गेले. तो नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत राहिला. प्लायच्या शीट एकावर एक रचलेल्या, कडेला आयएसआयचा शिक्का स्पष्ट दिसतोय, मागे हिरवी ताडपत्री आणि निळा ड्रम. काम सुरू आहे, असं वाटावं असे फोटो.

मला कळा सुरू झाल्या त्या रात्री त्याचा फोन आला. नवरा लेबर रूमच्या बाहेर उभा. माल टेम्पोत भरलाय, उरलेले ३७ हजार आत्ता टाका, नाहीतर हा टेम्पो दुसऱ्या साइटवर जाईल आणि तुमचं काम महिनाभर लांबेल, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने तिथूनच पैसे पाठवले. त्या रात्री त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. मी दवाखान्यात आहे हे त्या फर्निचरवाल्याला माहीत होतं, कारण दुपारीच त्याने ‘वहिनींची तब्येत कशी’ असा मेसेज करून विचारून घेतलं होतं.

सव्वा महिन्यानंतर आम्ही मुलीला घेऊन घरी आलो. कोपरा दिसायला अगदी चित्रातल्यासारखा होता. पण खोलीचं दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. नव्या फर्निचरचा वास असतोच, जाईल, असं सगळे म्हणाले. पावसाळा लागला, खिडक्या बंद झाल्या आणि वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मुलीचं नाक सतत चोंदलेलं. बालरोगतज्ज्ञांनी वासामुळेच असं ठामपणे सांगितलं नाही, पण म्हणाले, आजपासून तिला त्या खोलीत झोपवू नका आणि ते युनिट कशाचं आहे ते बघून घ्या.

आमच्या इमारतीत दारं-खिडक्या दुरुस्त करायला येणारे सुतारकाका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी कपाटाची वरची बिजागरी सोडवली. स्क्रूबरोबर भुसा खाली सांडला. मग ड्रॉवरच्या मागच्या बाजूची कडपट्टी नखाने उचलली, तर ती सरळ सोलून हातात आली. आत प्लायचे थर नव्हतेच. सगळा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला. फरशीला टेकलेली तळाची बाजू ओलीने फुगून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. समोरच्या दोन शटरना तेवढा साधा कमर्शियल प्लाय होता, कारण गिऱ्हाईक तिथेच हात लावून बघतं. काका म्हणाले, “वहिनी, प्लाय ओळखायचा तर कड बघायची. तोंड बघून काय कळणार? तोंडाला सनमायका लागलेला.”

वासाचं कारणही त्यातच आहे. पार्टिकल बोर्डात आणि साध्या कमर्शियल प्लायमध्ये सहसा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो. डोळे, नाक, घसा चुरचुरतो तो याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलेलं आहे. मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो जास्त टिकाऊ आणि वायू फार कमी सोडणारा. आयएस ७१० च्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी थर सुटता कामा नयेत. आमचं युनिट एका पावसाळ्यात फुगलं. पार्टिकल बोर्ड वाईटच असतो असं मी म्हणत नाही. चांगल्या कंपन्या कमी वायू सोडणारा, ई वन किंवा ई झीरो प्रतीचा बोर्ड वापरतात आणि तसं लिहूनही देतात. आम्ही पैसे मरीन प्लायचे मोजले होते आणि या बोर्डाचा भाव त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

कॉटचं तर सांगताना अजूनही हात थरथरतात. सागवान कुठेच नव्हतं, पांढरा रंग दिलेलं हलकं पाइनचं लाकूड होतं. दोन गजांमधलं अंतर मी टेपने मोजलं, ते नऊ सेंटिमीटर भरलं. तान्ह्या बाळाच्या कॉटला हे अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, कारण अंग निसटून डोकं अडकू शकतं. हे अंतर झाकायला त्याने चारी बाजूंनी मऊ गाद्या बांधल्या होत्या आणि ‘सेफ्टी पॅडिंग’ म्हणून त्याचे वेगळे साडेचार हजार लावले होते. बालरोगतज्ज्ञ नेमकं हेच लावू नका म्हणतात. बाळाला पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर झोपवायचं, आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणं काही नको. तोंड त्यात रुतलं तर तान्ह्या बाळाला मान वळवून सोडवून घेता येत नाही. अमेरिकेने अशा बांधायच्या गाद्यांच्या विक्रीवर २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे मात्र बाळाच्या वस्तूंच्या फोटोंत त्या सर्रास दिसतात.

गजांचा रंग नखाने निघत होता. दात यायला लागले की मूल सगळ्यात आधी कॉटची कडच चावतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. चांगल्या कंपनीच्या डब्यावर तसा उल्लेख असतो. म्हणून रंग देणाऱ्याला डबा दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आमच्या कॉटला कोणता रंग लावला होता, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला, “पार्टिकल बोर्ड म्हणजे इंजिनिअर्ड वूडच असतं, मॅडम.” नंतर म्हणाला, तुमच्या साहेबांनीच स्वस्तातलं करा सांगितलं. नंतर नंबर ब्लॉक. काही दिवसांत त्याचं पान दुसऱ्या नावाने दिसायला लागलं. चित्रं तीच. जुन्या पानाखाली ज्यांनी ‘किंमत किती’ विचारलं होतं, त्यांतल्या काहींना मी मेसेज केले. दोघींची उत्तरं आली. दोघींकडेही तोच प्लायच्या शीटचा फोटो होता. तीच हिरवी ताडपत्री, तोच निळा ड्रम. एकीकडून त्याने उरलेली रक्कम सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी घेतली होती.

पोलिस ठाण्यात आधी ऐकावं लागलं की हा दिवाणी मामला आहे. तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पैसे घेऊन मालच दिला नसेल, पान बंद करून पळाला असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून पुढे जाण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्यासारखं निकृष्ट काम असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक फार मोठी सोय झाली आहे. विकणारा कुठेही बसलेला असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे बाळ जरा मोठं होईपर्यंत थांबलात तरी चालतं. आम्ही आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पत्ता त्या खात्याच्या नावावरून शोधावा लागला. नोटिशीनंतर त्याने वीस हजार परत केले आणि ‘विषय संपवा’ असा निरोप धाडला. आम्ही संपवलेला नाही. तक्रार दाखल केली आहे.

तुम्ही काम देणार असाल तर पक्कं बिल घ्या आणि बिलावर प्लायची प्रत, जाडी, कंपनी, लाकडाचं नाव, रंगाचं नाव हे सगळं लिहून घ्या. आयएसआय शिक्क्यात वर आयएस ७१० आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. शक्य असेल तर प्लाय स्वतः दुकानातून आणा आणि सुताराला फक्त मजुरी द्या. शेवटचे निदान तीस टक्के माल घरी आल्यावर, एक ड्रॉवर बाहेर काढून कड बघितल्यावरच द्या. त्याला तारीख सांगायचीच असेल तर दीड-दोन महिने आधीची सांगा. आणि प्रसूतीच्या आठवड्यात पैशांचा कुठलाही फोन घ्यायचा तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, भावाने, दिराने, ज्याला ‘माल बघून देतो’ म्हणता येईल त्याने.

आता आमच्या मुलीची तयार घेतलेली साधी कॉट आमच्या बेडला लागून आहे. गादी कडक, आत दुसरं काही नाही. कपडे लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत मावले. कपडे बदलायला बेडवर रबरी चादर घालते, फळी लागलीच नाही. तान्ह्या बाळाने पहिले सहा महिने तरी आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपावं असा सल्ला डॉक्टर देतात. लहान घरात ते आपोआप होतं. लहान घर म्हणजे बाळावर अन्याय, हे त्याने माझ्या मनात इतकं भरवलं होतं की मी माहेरीही त्याच काळजीत होते. ती भीतीही तो विकतो, हे येणाऱ्या आयांनी लक्षात ठेवावं.

एक महत्त्वाचं राहिलं. असं युनिट तोडून टाकायची वेळ आली तर सगळं भंगारात देऊ नका. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आम्ही तळाची फळी, एक शटर आणि कॉटचे दोन गज प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. तोडण्याआधी टेप लावून, त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून फोटोही काढले आहेत.