ट्रॅक्टरवाल्याच्या कपाटातील तीन अ‍ॅस्टन मार्टिन

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी माझे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि त्याच्या आतल्या खोलीत, सुट्या भागांच्या कपाटात, अ‍ॅस्टन मार्टिन या महागड्या इंग्रजी मोटार कंपनीच्या तीन गाड्या उभ्या आहेत. गाड्या म्हणजे अर्थात एकास अठरा प्रमाणातील डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, प्रतिकृती: डीबी४ जीटी झगाटो, बाँडपटातील सगळ्या करामतींसह डीबी५, आणि वन-७७. दोन वर्षांत एकेक करून त्या मागवल्या. तिन्हींवर मिळून जेवढा पैसा गेला तेवढ्यात ट्रॅक्टरचे मागचे दोन नवे टायर आले असते, ही गोष्ट घरी अद्याप स्पष्ट शब्दांत सांगितलेली नाही. तिन्ही प्रतिकृती वेगवेगळ्या उत्पादकांच्या आहेत. त्यांची नावे येथे देत नाही.

ट्रॅक्टरवाल्याला या गाड्यांचा नाद कशाला, असे विचारणाऱ्यांना मी डीबी ही दोन अक्षरे दाखवतो. ती डेव्हिड ब्राऊन यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि हे गृहस्थ मुळात इंग्लंडातील हडर्सफील्ड भागातले, गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारे कारखानदार होते. १९३६ मध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्यासह त्यांनी जो फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बाजारात आणला, त्याला हायड्रोलिक लिफ्ट आणि थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी जोडायची रचना, होती. पेरणीच्या तोंडावर ‘लिफ्ट उचलत नाही’ म्हणून जे ट्रॅक्टर माझ्या दारात रांग लावतात, त्यांची लिफ्ट त्याच घराण्यातली. लंडनच्या ‘टाइम्स’मधील एक छोटी जाहिरात वाचून ब्राऊन यांनी १९४७ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन ही कंपनी २०,५०० पौंडांना विकत घेतली. लायोनेल मार्टिन आणि रॉबर्ट बॅमफर्ड यांनी १९१३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी तोवर अनेकांच्या हातांतून गेली होती आणि पैसा टिकवणे कोणालाच जमले नव्हते. ब्राऊन यांच्या काळातच तिने १९५९ ची फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत जिंकली आणि १९७२ मध्ये ही कंपनी व ट्रॅक्टरचा धंदा, दोन्ही त्यांच्या हातून गेले.

तिन्हींत सर्वांत आधी घेतली आणि आजही सर्वांत आवडती आहे ती झगाटो. १९६० च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम आली. डीबी४ जीटी आधीच मूळ डीबी४ पेक्षा आखूड आणि हलकी होती. इटलीतील झगाटोच्या कारखान्याने, म्हणजे तेथील तरुण रेखाटनकार एर्कोले स्पाडा यांनी, तिला आणखी पातळ अ‍ॅल्युमिनियमचे अंग चढवले आणि वजन वाचावे म्हणून बंपरही काढून टाकले. फेरारीला शर्यतीत गाठणे हा हेतू होता. पंचवीस गाड्या करण्याचा विचार होता, पण तेवढी गिऱ्हाइके मिळाली नाहीत आणि काम १९ गाड्यांवर थांबले.

या प्रतिकृतीची खरी परीक्षा बॉनेटखाली आहे. मूळ इंजिन ओळीतील सहा सिलिंडरचे असले तरी त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत, त्यामुळे प्लगच्या वायरी बारा असल्या पाहिजेत. मी चष्म्यावर भिंग धरून, चिमट्याने एकेक वायर बाजूला करीत मोजल्या, तेव्हा अकराच भरल्या. विक्रेत्याला तसे कळवले; तेथून ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढेच उत्तर आले. आठ दिवसांनी बारावी वायर कार्ब्युरेटरखाली पडलेली सापडली, ती फेविक्विकच्या एका थेंबाने जागेवर बसवली. वायर निखळली हा दोष खराच. परंतु उत्पादकाने बारा वायरी मोजून केल्या होत्या, सहा करून भागवले नव्हते, यातच त्याची नियत कळते. चाकांचे तारेचे आरेही धातूचे आणि वेगवेगळे आहेत, एकसंध प्लॅस्टिकचे नाहीत. दारे बंद केल्यावर फटी मात्र जरा रुंद दिसतात.

या गाडीच्या १९ या आकड्याचे पुढे जे झाले ते मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. १९९१ मध्ये, पूर्वी राखून ठेवलेल्या पण न वापरलेल्या चेसी क्रमांकांवर कंपनीच्या मान्यतेने आणखी चार गाड्या तयार झाल्या. २०१५ मध्ये मूळ गाड्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ४३ लाख डॉलरना गेली. मग २०१९ मध्ये कंपनीने याच गाडीची नवी आवृत्ती काढली, तीही मोजून १९, आणि प्रत्येक गाडी डीबीएस जीटी झगाटो या आधुनिक गाडीच्या जोडीनेच विकली. जोडीची किंमत कर सोडून ६० लाख पौंड. गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे जो आकडा पदरात पडला होता, साठ वर्षांनी त्याच आकड्याची किंमत लावली गेली. माल पडून राहिला म्हणून दुर्मिळ होणे वेगळे आणि दुर्मिळ म्हणूनच घडवणे वेगळे, आणि या कंपनीच्या विशेष आवृत्त्या पाहताना मी पहिल्यांदा हेच तपासतो. २०२३ ची व्हॅलर घ्या. बारा सिलिंडरचे इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर, आजच्या काळात असे धाडस कोण करतो? पण गाड्या ११० का, तर कंपनीला ११० वर्षे झाली म्हणून.

डीबी५ बद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. १९६३ ते १९६५ या काळात ती हजाराच्या आसपासच निघाली, आणि १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटामुळे जगभर पोचली. २०२० मध्ये कंपनीने इंग्लंडातील न्यूपोर्ट पॅग्नेल येथे त्याच करामतींसह पंचवीस नव्या गाड्या गिऱ्हाइकांसाठी बनवल्या: फिरणारी नंबरप्लेट, धुराचा पडदा, दिव्यांमागून बाहेर येणाऱ्या लुटुपुटुच्या बंदुका. किंमत प्रत्येकी २७ लाख ५० हजार पौंड, कर वेगळा, आणि एवढे मोजूनही ती सार्वजनिक रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. त्या मानाने माझी प्रतिकृती स्वस्तात पडली, असे मी मनाचे समाधान करून घेतो. नंबरप्लेट फिरते, मागची ढाल वर येते, छताचा तुकडा निघतो. रंग मात्र मूळच्या सिल्व्हर बर्चपेक्षा गडद आहे आणि दोन्ही दारांवर तो एकसारखाही नाही. लहान मुलांना दाखवण्यासाठी उत्तम, बारकाईने पाहणाऱ्यासाठी मध्यम.

वन-७७ किती निघाल्या तो आकडा तिच्या नावातच आहे: ७७. ७.३ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, साडेसातशे अश्वशक्ती, कार्बन फायबरचा सांगाडा आणि त्यावर हाताने घडवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. २००९ च्या चाचणीत ती ताशी ३५४ किलोमीटरच्या पुढे गेली. तिचा पुढचा मडगार्ड एकाच पत्र्यातून ठोकून काढलेला असतो. पत्र्याचे काम ज्याने केले आहे त्याला यातली मेहनत सांगावी लागणार नाही.

तान्ह्या पोळ्यासाठी चाकांवरचे लाकडी बैल घडवणारे आमच्या गावातले वाढई एकदा दुकानात आले असता मी ही गाडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी मडगार्डवरून अंगठा फिरवला, गाडी उलटी केली, पुन्हा सरळ केली आणि विचारले, “भाऊ, याचा सांधा कुठी हाय?” त्यांना मूळ गाडीची हकीकत सांगितली, पण त्याच वेळी माझ्या लक्षात आले की मूळ गाडीत जे कसब आहे ते प्रतिकृतीत आपोआपच येते, कारण साच्यात ओतलेल्या धातूला सांधा नसतोच. म्हणून या प्रतिकृतीला बाह्याकाराचे गुण मी देत नाही. गुण द्यायचे ते दारांना: अ‍ॅस्टनच्या पद्धतीप्रमाणे ती किंचित वर उचलत उघडतात, आणि इतक्या लहान बिजागरीत ते साधणे सोपे नाही. खोक्यातून एक कार्डही निघाले, ही प्रतिकृती पंधराशेपैकी अमुक क्रमांकाची असे सांगणारे. मर्यादित आवृत्तीची मर्यादित आवृत्ती! ते कार्ड मी कपाटाची फळी हलू नये म्हणून तिच्या टेकूखाली सारले आहे.

आमच्या भागात अशी वस्तू ठेवणाऱ्यांनी एका गोष्टीची काळजी घ्यावी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून अधिक. त्या उष्णतेत मऊ टायरांतील तेलकट अंश पाझरतो आणि टायर खालच्या पाटाला चिकटतात. वन-७७ च्या चार चाकांचे चार काळे डाग माझ्या पाटावर कायमचे उमटले आहेत. त्यानंतर मी प्रत्येक गाडीच्या चेसीखाली दोन-दोन नट ठेवून चाके अधांतरी केली, आणि गेला उन्हाळा तिन्ही गाड्यांना त्रास न होता गेला.

एकच घ्यायची असेल तर झगाटो घ्यावी, वायरी मोजून घ्याव्यात. मला चौथी हवी आहे ती सिग्नेट. टोयोटाच्या आयक्यू या छोट्या गाडीला अ‍ॅस्टनची जाळी आणि चामडी बैठक देऊन कंपनीने २०११ मध्ये ती बाजारात आणली, वर्षाला चार हजार खपतील असे धरले, आणि कोणी घेईना म्हणून २०१३ मध्ये गुंडाळली. जाणकार तिच्यावर हसतात. पण गिऱ्हाईक न मिळाल्याने थांबलेली गाडी म्हटली की मला झगाटोच आठवते. एकास अठरा प्रमाणात ती जेमतेम सतरा सेंटिमीटर भरेल. डिझेल फिल्टरचे दोन डबे खालच्या फळीवर सरकवून तेवढी जागा करून ठेवली आहे.